सतरा आणि अठरा यांच्यामधली वाट

आर. के. पुरम, नवी दिल्ली
रविवार, १४ मार्च १९९९

चि. विनू,

पाकिटावर काय लिहावं यातच माझा अर्धा तास गेला. हाताला 'सौ.' लिहायची सवय आणि 'श्रीमती' लिहायला हात धजेना. शेवटी नुसतं विनया लिहिलं. पोस्टमनला तेवढं पुरतं.

सोळा महिन्यांनी ताईला आठवण झाली म्हणजे काहीतरी काम असणार, असं तू म्हणशील. आहेच. सोबत आपल्या सोसायटीच्या जमिनीचा नकाशा आहे, माझ्याच हातचा. एक संमतिपत्र आहे आणि तिकिटं लावलेलं परतीचं पाकीट. तुला फक्त सही करायची आहे. तरी कशावर सही करतेस ते कळावं म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

नकाशात दोन प्लॉट लाल केलेत. सतरा नंबर माझा, अठरा तुझा. प्रत्येकी पंचेचाळीस फूट रुंद. मधल्या भिंतीला दार ठेवायचं म्हणून आपण ते शेजारी-शेजारी मागून घेतले होते, आठवतं? दोन्हींच्या मधोमध एक घळ आहे. ती टेकडीवरून उतरते, आपल्या प्लॉटांतून जाते आणि सडकेच्या पुलाखालून पलीकडे धौवाली गावच्या तळ्यावर पोचते. गावातले लोक त्याला जोहड म्हणतात. चार वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात मी मोजणी केली तेव्हा घळीत पाण्याचा थेंब नव्हता. मी नकाशात 'रिकामी जागा' असं लिहून मोकळी झाले. ती रिकामी नव्हती. रोज दिवेलागणीला नीलगाईंचा कळप तिथून पाण्यावर उतरायचा आणि पहाटे टेकडीवर परतायचा. कोल्हे, साळिंदरं, कधीमधी एखादं तरस. दिवसा गावच्या म्हशी. वाट एकच, वेळा तेवढ्या वाटून घेतलेल्या.

पुढे तिथं तारेचं कुंपण घातलं गेलं. आता कमिटीला तार काढून आठ फुटी भिंत हवी आहे. मला ती वाट उघडी हवी आहे, साठ फूट रुंद आणि कायमची. तीस मेला सर्वसाधारण सभा आहे. तिथं नकाशा पक्का होणार आणि नगररचना खात्याकडे जाणार. एकदा तिथला शिक्का बसला की ब्रह्मदेवाचा बापही तो बदलू शकत नाही. तीस वर्षं मी सरकारी नकाशे काढतेय, मला विचार.

साठातले पंचेचाळीस फूट मी देते, म्हणजे माझा अख्खा प्लॉट. तुझे पंधरा हवेत. उरलेल्या तिसांत तुझं टुमदार घर बसतं, तेही मी नकाशावर पेन्सिलीनं काढून दाखवलं आहे.

मी कुठं राहणार हे विचारू नकोस. ऑक्टोबरअखेर निवृत्त होतेय आणि हे क्वार्टर सोडावं लागणार आहे. मुनिरक्यात विद्यार्थ्यांना खोल्या देतात, एका म्हाताऱ्या होऊ घातलेल्या बाईलाही देतील.

सही कर आणि पाठवून दे.

ताई


आर. के. पुरम
रविवार, ४ एप्रिल १९९९

चि. विनू,

तीन आठवडे झाले. तू पत्र उघडलंस हे मला माहीत आहे. तू लहानपणी माझ्यावर रुसायचीस तेव्हाही माझ्या ताटातला लाडू खाऊनच रुसायचीस.

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते मागच्या पत्रात राहिलं. जानेवारीत भिंतीचं माप घ्यायला मी धौवालीला गेले होते. अध्यक्षांचा हुकूम. अध्यक्ष अजून विश्वनाथरावच आहेत आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी स्वतःला अंडर सेक्रेटरीच समजतात. टेप धरून घळीत उतरले तर कुंपणाच्या वरच्या अंगाला लेंड्यांचा हा एवढा ढीग, माझ्या गुडघ्यापर्यंत. मी नाकाला पदर लावून उभी. तेवढ्यात एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन वरून उतरली. अंगूरी तिचं नाव. धौवालीची गुज्जर, चार म्हशींची मालकीण, माझ्याच वयाची असेल. माझ्याकडे आणि टेपकडे बघून हसली.

"के नाप री सै, बीबीजी?"

"भिंत बांधायची आहे" हे मी माझ्या दिल्लीच्या हिंदीत सांगितलं. तिनं भारा खाली टाकला.

"यो ढेर देख्या? रोझ रोज आवै सै, तार धोरै खडा रहवै सै, अर मुड ज्या सै. जिनावर लीक नहीं छोडता. थमने लीक रोक दी, तो वो सडक पै चढ ग्या."

रोझ म्हणजे नीलगाय. लीक म्हणजे पायांनी पडलेली वाट. नीलगाय लेंड्या टाकायला त्याच त्या जागी परत येते, हे मला पन्नाशी उलटल्यावर एका गवतवालीनं शिकवलं. तो ढीग म्हणजे हजेरीपट होता गं. रोज संध्याकाळी कळप येत होता, तारेशी उभा राहत होता, वाट उघडते का बघत होता. मग तारेच्या कडेकडेनं जाऊन सडकेवर चढत होता, जिथं मानेसरच्या कारखान्यांच्या बसगाड्या आणि ट्रक धडाधड जातात. काही जनावरं पलीकडे जाऊन परत येऊच शकत नाहीत, मग ती गावच्या हरभऱ्यात मुक्काम ठोकतात. अंगूरीची निम्मी मोहरी त्यांनी तुडवली. म्हशींनाही सडकेवरून जावं लागतं, दोन म्हशी ट्रकखाली गेल्या. एका कुंपणानं दोन्हीकडचे लोक आणि जनावरं सगळीच कामातून गेली.

तेव्हापासून दर रविवारी मी धौवालीला जाते. आर. के. पुरमची बस, मग धौला कुआँला बदलून दुसरी, मग शेअर ऑटो, मग पायपीट. गावच्या चौपालीवर हुक्का ओढणाऱ्या म्हाताऱ्यांसमोर नकाशा पसरून बसते. पहिल्या रविवारी त्यांनी मला चहा दिला आणि एकानंही नकाशाकडे पाहिलं नाही. शहरवाल्यांच्या नकाशात त्यांची गायरानं कशी जातात ते त्यांनी बघितलंय. चौथ्या रविवारी एकजण म्हणाला, "बीबीजी, कागद की के कीमत सै? कल थारी कमेटी बदल ज्यागी." खरंच आहे. मग त्यांनीच तोड काढली.

टेकडीवर त्यांची बणी आहे, देवाच्या नावानं राखलेलं धौच्या झाडांचं रान. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी उचलत नाही. चुकून तोडली तर चबुतऱ्यावर पाखरांना पाच पायली धान्य टाकावं लागतं आणि वर गावभर नाचक्की. गाव म्हणतं, ही साठ फुटांची पट्टी आम्ही बणीत धरू. दोन्ही कडांना बोरीची कुंपणं आम्ही लावू, बोरं आमची. दिवसा म्हशी, दिवेलागणीनंतर जनावरं. तुम्ही फक्त भिंत बांधू नका आणि त्या बाजूला दिवे लावू नका. आपल्या उपनियमांत असं काही नाही, पण उपनियम कमिटी बदलते आणि बणी तीनशे वर्षांत बदललेली नाही.

विश्वनाथरावांना सांगितलं तर म्हणाले, "प्रभाताई, आपण को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी आहोत, पांजरपोळ नव्हे."

त्या कुंपणाचं खापर तू माझ्यावर फोडू नकोस. पहिल्या गणपतीत काय झालं ते तू पाहिलंच होतंस. कमिटीनं ते घातलं, सगळ्यांच्या संमतीनं.

सही पाठव. आठ आठवडे उरलेत.

ताई


आर. के. पुरम
रविवार, २५ एप्रिल १९९९

विनू,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. 'ह्यांना ज्यांनी मारलं, त्यांनाच मी वाट करून देऊ?'

आधी मला राग आला. उत्तरही लिहिलं, दोन पानं, त्यात तुला बरंच शहाणपण शिकवलं होतं. जनावराला काय कळतं, वगैरे. मग ते वाचलं आणि फाडलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी सोळा महिने ती आवळून बसले. आज उघडते. हे वाचून तू सही करणार नाहीस असंही होईल. तरी लिहिते.

कुंपण कमिटीनं घातलं नाही. मी घातलं.

गणपतीचा मांडव कुठं घालायचा हेही मीच ठरवलं होतं. जमिनीचा ताबा मिळाला त्या वर्षी पहिला गणपती आपल्या जागेवर बसवायचा, हा सगळ्यांचा हट्ट. जागा बघायला मी आणि सुधाकर गेलो होतो. सगळीकडे दगड आणि काटेरी कीकर, आणि घळीच्या तोंडाशी तेवढी सपाट, स्वच्छ माती, कुणीतरी आपल्यासाठीच झाडून ठेवल्यासारखी. मी म्हटलं, "बाप्पानंच जागा दाखवली." सुधाकर म्हणाला, "ताई, ही कशानं तरी तुडवलेली वाटते." मी म्हटलं, "तुला ऑफिसातही सगळ्यात खोट काढायची सवय आहे." मांडव तिथंच पडला.

गौरीच्या संध्याकाळी नीलगाईंनी केळीचे खांब खाल्ले, हार खाल्ले, गौरीपुढची फळं खाल्ली, विश्वनाथरावांना सोवळ्यानिशी ट्रॅक्टरवर चढायला लावलं. सगळे हसले. मी नाही हसले. माझी जागा, माझा मांडव, माझी फजिती. दुसऱ्या आठवड्यात कुणाला न विचारता मी तारवाला बोलावला आणि घळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद केली. चिटणीस मीच, म्हणून कमिटीची मंजुरी नंतर घेतली, कागदावर आधीची तारीख टाकून. रेघ सरळ मारायची म्हणजे मारायची, असा माझा स्वभाव. तुला सांगायला नको.

दोन महिन्यांनी, तेवीस नोव्हेंबरच्या रविवारी, तारेचे खांब हललेत का ते बघायला सुधाकरला मीच पाठवलं. तू त्या दिवशी त्याला म्हणत होतीस की आज नको, घरी थांबा. मी तुझ्या घरी फोन करून सांगितलं की जाऊन ये. दिवेलागणीला तो स्कूटरवरून परत निघाला आणि पुलापासून पन्नास पावलांवर नीलगाय आडवी आली. कुंपण नसतं तर ती त्या वेळी पुलाखालून गेली असती.

हे मला त्याच रात्री कळलं होतं. अंगूरी नंतर भेटली. पण सडकेच्या कडेला उभी राहून मी ती तार आणि मातीतले खूर पाहिले होते आणि मला कळलं होतं. हवालदारानं विचारलं, "गाडी तेज थी क्या?" मी म्हटलं, "हां, तेज चलाते थे." शोकसभेच्या ठरावातही मीच लिहिलं, 'भरधाव वाहनामुळे'. तू समोर बसली होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस. दुसऱ्या दिवशी सामान बांधून पुण्याला गेलीस.

सुधाकरनं आयुष्यात कधी ताशी तीस किलोमीटरच्या वर स्कूटर नेली नाही. सगळं ऑफिस त्याला बैलगाडी म्हणायचं. मीच त्याला हेरून तुझ्यासाठी आणला होता, आणि मीच त्याच्या नावावर ते खोटं लिहिलं.

मला क्षमा कर असं लिहीत नाही. ते मागायला माझं तोंड नाही. पण ती वाट मी बंद केली होती आणि ती मी उघडणार आहे. तुझी सही आली तर साठ फूट, नाही आली तर पंचेचाळीस. पंचेचाळिसांत बिचकणारं जनावर उतरणार नाही असं गाव म्हणतं. तरी उघडणार.

ताई


धौवाली, सोसायटीच्या जागेवरून
रविवार, १६ मे १९९९

विनू,

गुडघ्यावर वही ठेवून लिहितेय, अक्षर सांभाळून घे. आज माझ्या प्लॉटापुरती तार तोडली. पक्कड घेऊन मीच बसले. चौकीदार म्हणाला, "मॅडम, अध्यक्षसाहब की परमिशन?" मी म्हटलं, जिनं घातली तिलाच काढायला परमिशन कशाला? तळहाताला दोन फोड आलेत. अंगूरीनं तारेची भेंडोळी करून बाजूला लावली आणि मला ताक पाजलं.

तुझ्या बाजूच्या तारेला हात लावलेला नाही. ती तुझी आहे.

विश्वनाथरावांनी सगळ्या सभासदांना पत्रक काढलंय. 'सभासदांच्या मुलाबाळांच्या सुरक्षेसाठी भिंतीच्या बाजूनं मत द्या.' त्यात बिबट्याचाही उल्लेख आहे. बिबट्या अजून कुणी पाहिलेला नाही, पण पत्रकात आलाय. मी घरोघर जातेय. संध्याकाळी तीन घरं, रविवारी सकाळी पाच. लतिका साठे म्हणाली, "प्रभाताई, इतका जीव का टाकता यार त्या रानासाठी?" माझ्या तोंडाशी आलं होतं, पण तुला कळवल्याशिवाय तिला सांगणं बरं वाटलं नाही. तू अजून काही लिहिलेलं नाहीस.

दोन आठवडे राहिले.

ताई


आर. के. पुरम
सोमवार, ३१ मे १९९९

प्रिय विनू,

शुक्रवारी तुझं रजिस्टर पाकीट आलं. पोस्टमनसमोरच फोडलं. तो बिचारा पावतीवर सही मागत होता आणि मी दारातच वाचत उभी.

तुझं पत्र मला पाठ झालंय. तरी इथं उतरवते, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही. 'पंधरा फुटांनी काय होतं? माझा अठरा नंबर पूर्ण घे, संमतिपत्र बदलून नोटरी करून पाठवलंय. तुझ्यातले पंधरा घाल. उरलेल्या तिसांत तू घर बांध, मुनिरक्याची नाटकं करू नकोस. खिडकी त्या वाटेकडेच ठेव. रोज बघ. आणि मला जे लिहिलंस ते सभेत सगळ्यांसमोर म्हण. म्हणणार नसशील तर हा कागद फाड.'

कागद फाडायचा विचार शनिवारी दुपारी एकदा आला. खोटं कशाला बोलू? ठराव पंचेचाळीस फुटांवर चालवता आला असता, लोकांपुढं मान वर ठेवून निवृत्त होता आलं असतं. मग नकाशावर मी तुझ्यासाठी काढलेलं पेन्सिलीचं घर तू खोडून माझ्या प्लॉटावर काढलंस, ते पाहिलं. रेघ वाकडी आहे. तुला कधीच सरळ मारता आली नाही.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. सदतीस सभासद. अंगूरी आणि गावचे तीन म्हातारे मागच्या बाकावर. विश्वनाथरावांनी भिंतीचं पाऊण तास समर्थन केलं. मग मी उठले. नकाशाचं बोलण्याआधी म्हटलं, मला मागच्या एका इतिवृत्तात दुरुस्ती सुचवायची आहे.

आणि सांगितलं. तार, मागची तारीख, फोन, हवालदार, भरधाव, सगळं. मध्येच पाणी प्यायले आणि पुढं सांगितलं. लतिका रडायला लागली. दोघंजण उठून बाहेर गेले, त्यांतला एक सुधाकरच्या टेबलाशेजारी बसायचा. दोघंही परत आले नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

विश्वनाथराव हळूच म्हणाले, "प्रभाताई, हे इतिवृत्तात घ्यायलाच हवं का? झालं गेलं..."

"इतिवृत्तातच घ्यायचंय," मी म्हटलं. "खोटं तिथंच लिहिलंय."

मागून अंगूरीनं विचारलं, "के कह री सै?" तिला मराठी कुठून कळणार? मी तिला हिंदीत सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं. मग ती म्हणाली, "इब राह खुल ज्यागी?"

तेवढंच तिला हवं होतं, आणि खरं तर मलाही. मतदान झालं. वाटेच्या बाजूनं एकवीस, भिंतीच्या बाजूनं चौदा. विश्वनाथरावांचं मत भिंतीला. मात्र सभा संपल्यावर त्यांनीच विचारलं की पट्टीची आखणी कधी करायची, टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल. गाव अमावस्येला पहिला दगड मांडणार आहे. गणपतीचा मांडव यंदा सडकेच्या बाजूला, कीकर तोडून.

तुझ्या बाजूची तार आज सकाळी काढली. नीलगाई अजून आलेल्या नाहीत. वर्षादीड वर्षाची सवय मोडायला वेळ लागेल, अंगूरी म्हणते. मी थांबेन. घराचा नकाशा काढून ठेवलाय, खिडकी तू सांगितलीस तिथंच.

आता एकच काम राहिलंय. दुरुस्तीचा ठराव मी माझ्या हातानं लिहिला. 'कै. सुधाकर यांचा मृत्यू भरधाव वाहनामुळे झाला, हे विधान असत्य असून ते मागे घेण्यात येत आहे. ते नेहमीप्रमाणे सावकाश जात होते. जनावरांची वाट अडवणारे कुंपण चिटणीस प्रभा यांनी विनापरवानगी घातले होते.' सूचक म्हणून खाली माझी सही आहे. अनुमोदक कोण, असं विश्वनाथरावांनी विचारलं तेव्हा दहा-बारा हात वर झाले. मी म्हटलं, ही जागा एका सभासदाची आहे, त्या पुण्याला असतात. ते म्हणाले, असं नियमात बसत नाही. मी म्हटलं, पुढच्या सभेपर्यंत कोरी राहू द्या.

पुढची सभा गणपतीत आहे. रजिस्टर माझ्या टेबलावर आहे, ते मी पोस्टानं पाठवणार नाही. झेलम एक्सप्रेसनं ये आणि सही कर.

तुझी ताई